एकोणतीस हजार ट्रक दगड आणि एक बर्फाचं मैदान

अलिबागपेक्षा थोडं मोठं आणि वाईपेक्षा थोडं लहान, एवढंच ते शहर. नाव योव्हिक. नॉर्वेची राजधानी ऑस्लो, तिथून उत्तरेला सुमारे सव्वाशे किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे अंतरापेक्षाही थोडं कमीच. १९९०च्या सुमारास तिथे माणसं होती २६ हजारांच्या आसपास, तीही भोवतालच्या वाड्यावस्त्या धरून. या एवढ्याशा शहराने आपल्या कुशीतल्या टेकडीला भोक पाडलं, १२० मीटर आत शिरलं आणि तिच्या पोटात साडेपाच हजार प्रेक्षकांचं आइस हॉकीचं मैदान थाटलं. टेकडीवर नाही, टेकडीच्या पायथ्याशी नाही, टेकडीच्या आत! वर झाडं, झाडांखाली दगड, दगडाखाली खुर्च्या आणि खुर्च्यांच्या मधोमध बर्फ.

साडेपाच हजार हा आकडा ऐकून काही वाटलं नसेल तर जरा थांबा. २६ हजारांत साडेपाच हजार, म्हणजे दर पाच माणसांमागे एक खुर्ची. तान्ही बाळं आणि पणजी-पणजोबासुद्धा धरून! हेच प्रमाण मुंबईला लावून बघू. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती १ कोटी २४ लाख. योव्हिकच्या मापाने तिला लागतील २६ लाख खुर्च्या. वानखेडेवर मावतात सुमारे ३३ हजार माणसं. करा भागाकार. जवळजवळ ८० वानखेडे! चर्चगेट ते विरार हे अंतर ६० किलोमीटर. रुळांच्या कडेने ही ८० स्टेडियमं ओळीने उभी केली तर दर पाऊण किलोमीटरला एक येईल. लोकल एक स्टेशन सोडून पुढच्या स्टेशनात शिरेपर्यंत दोन-तीन स्टेडियमं मागे पडलेली असतील.

हे वेड शहराच्या डोक्यात शिरलं ते हिवाळी ऑलिम्पिकमुळे. १२ ते २७ फेब्रुवारी १९९४ हे दिवस ठरलेले, यजमान शहर लिलेहॅमर. तेही छोटंच, योव्हिकपासून ४५ किलोमीटरवर. म्योसा हा नॉर्वेतला सर्वांत मोठा तलाव. त्याच्या काठाकाठाने स्पर्धा वाटून दिल्या होत्या. लिलेहॅमरने आइस हॉकीसाठी हाकोन हॉल हे भलंमोठं सभागृह बांधलं. तलावापलीकडच्या हामारने स्केटिंगसाठी उपड्या जहाजाच्या आकाराची इमारत उभी केली. दोघांनीही जमिनीवर बांधलं. योव्हिकने मात्र टेकडीकडे बोट दाखवलं. अर्थात टेकडीत शिरण्याची त्या शहराला आधीपासूनच सवय होती. त्याच टेकडीत १९७४ साली दगड कोरून तरणतलाव केला होता, आणि लोक पोहायला डोंगराच्या पोटात जातही होते. पण तरणतलाव वेगळा आणि हे वेगळं. कसं वेगळं ते आता मोजूच.

आतल्या दालनाची रुंदी ६१ मीटर, लांबी ९१ मीटर, उंची २५ मीटर. आठ मजली इमारत आत उभी राहील आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीलाही छप्पर लागणार नाही. या दालनासाठी, त्याच्या वाटांसाठी आणि आडखोल्यांसाठी फोडून काढलेला दगड होता १ लाख ४० हजार घनमीटर.

घनमीटर म्हटलं की डोळ्यांसमोर काही येत नाही. विहीर म्हटलं की येतं. सहा मीटर व्यासाची, बारा मीटर खोल, कातळात खोदलेली चांगली ऐसपैस विहीर घ्या. तिच्यातून सुमारे ३४० घनमीटर दगड निघतो. आता योव्हिकचा ढीग या विहिरींत वाटून बघा. चारशे दहा विहिरी! कातळाला लागलेली विहीर पुरी करायची तर एका शेतकऱ्याचे एक-दोन उन्हाळे सहज जातात, सुरुंग लावून लावून जीव मेटाकुटीला येतो. आणि योव्हिकचं सुरुंगकाम किती दिवस चाललं? नऊ महिने. म्हणजे रोज दीड विहीर. आज एक आणि उद्याची अर्धी, पुन्हा उद्याची राहिलेली अर्धी आणि परवाची एक, असं सलग नऊ महिने!

विहिरी नकोत तर लोकल घ्या. मुंबईच्या लोकलचा एक डबा बाहेरून मोजला तर सुमारे २९० घनमीटर जागा घेतो. त्या टेकडीतून काढलेल्या दगडाच्या जागेत असे ४८० डबे मावतील, म्हणजे बारा डब्यांच्या तब्बल ४० लोकल. फलाट नाहीत, रूळ नाहीत, नुसत्या एकमेकींवर रचून ठेवलेल्या ४० गाड्या, आणि सगळ्या एका टेकडीच्या पोटात.

आता हा दगड बाहेर काढायचा. त्यासाठी ट्रकच्या खेपा झाल्या २९ हजार. एक ट्रक दहा मीटर लांब धरू आणि सगळे नाकाला शेपूट लावून उभे करू. ओळ होते २९० किलोमीटरची. मुंबईहून निघून घाट चढून पुण्यात पोचलेली आणि तिथून वळून परत मुंबईच्या वेशीपाशी आलेली, दगडांनी भरलेल्या ट्रकांची न तुटणारी ओळ! नऊ महिन्यांच्या रात्री-दिवसांवर या खेपा समान पसरल्या तर दर तेरा-चौदा मिनिटांनी एक ट्रक. आपला चहा पिऊन होईस्तोवर एक गेलेला. आंघोळ, नाश्ता उरकेस्तोवर आणखी तीन. रात्री आठ तास झोपून उठलो की पस्तीसेक ट्रक निघून गेलेले असायचे.

वजन? तिथला दगड नाइस जातीचा, घनमीटरला साधारण २.७ टन भरणारा. म्हणजे एकूण ३ लाख ७८ हजार टन. आता मालगाडी बोलावू. कोळसा वाहणारी ५८ वाघिणींची गाडी एका फेरीत सुमारे साडेतीन हजार टन नेते. अशा १०८ मालगाड्या लागतील. आणि त्या एकामागे एक एकाच रुळावर उभ्या केल्या तर? इंजिनासकट एकेक गाडी साडेसहाशे मीटर. पहिल्या गाडीचं इंजिन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटाला टेकलं असेल तेव्हा शेवटच्या गाडीचा गार्ड बदलापूरच्याही पुढे उभा असेल. मध्ये दादर, ठाणे, कल्याण, अंबरनाथ, सगळी स्टेशनं गाड्यांनी बुजलेली. एका हॉकीच्या मैदानासाठी!

दगड कोरण्याचा विषय निघाला आणि मराठी माणसाला वेरूळ आठवलं नाही असं होत नाही. कैलास लेण्यासाठी डोंगरातून सुमारे दोन लाख टन दगड काढला, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. योव्हिकने काढला त्याच्या पावणेदोन-दोनपट. पण कैलास आठव्या शतकातलं, छिन्नी-हातोड्याने वरून खाली उतरत कोरलेलं, आणि योव्हिकच्या हाताशी होता डायनामाइट. दोन्हींपुढे माझे हात सारखेच जोडले जातात.

डायनामाइट लागला १७० टन. साखरेच्या पन्नास किलोच्या पोत्यांत भरला तर ३,४०० पोती. आता गंमत पाहा. एवढा मोठा आकडा दगडावर पसरला की किती लहान होतो! एका घनमीटर दगडाला, म्हणजे २.७ टनांच्या धोंड्याला, वाटणीला येतो जेमतेम सव्वा किलो. किलोभराच्या साखरेच्या पुडीहून थोडा जास्त, आणि त्याने एका मोटारीहून जड कातळ फुटतो. असे सव्वा-सव्वा किलो १ लाख ४० हजार वेळा. आणि हे सगळं रानावनात नव्हे, माणसं राहतात, मुलं शाळेत जातात त्या शहराला खेटून.

आता या दगडाचं वय बघू. तो कॅम्ब्रियनपूर्व काळातला आहे, म्हणजे कमीत कमी ५४ कोटी वर्षांचा. आपला सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा झाला आहे तो साडेसहा कोटी वर्षांचा. सह्याद्रीचा लाव्हा वाहायला लागला तेव्हा योव्हिकच्या टेकडीतला दगड सह्याद्रीच्या आजच्या वयाच्या सातपट म्हातारा झाला होता! त्याने डायनासोर येताना पाहिले, जाताना पाहिले. एवढ्या काळात जे कुणी हलवलं नाही ते या शहराने नऊ महिन्यांत ट्रकात भरलं. खर्च किती आला? १३ कोटी ४६ लाख क्रोनर. त्या वेळच्या दराने भारतीय रुपयांत सुमारे ६० कोटी. म्हणजे दगडाच्या वयाच्या दर वर्षामागे फक्त एक रुपया, फार तर वर काही पैसे. आणि माणसांवर वाटला तर योव्हिकच्या माणशी २३ हजार रुपये, तेही १९९३ सालचे.

६ मे १९९३ला दालन उघडलं. ऑलिम्पिकला अजून नऊ महिने बाकी होते.

आतलं प्रत्यक्ष मैदान ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद. कबड्डीची जवळपास १४ मैदानं त्यावर मांडता येतील. बर्फ मात्र किती? तीन सेंटिमीटर जाडीचा थर धरला तर सगळ्या मैदानाला पाणी लागतं ५४ हजार लिटर. दहा हजार लिटरचे साडेपाच टँकर, संपलं! उन्हाळ्यात एखाद्या सोसायटीत दोन दिवसांत येतात तेवढे. आता दगड आणि बर्फ शेजारी शेजारी ठेवू. १ लाख ४० हजार घनमीटर दगड, ५४ घनमीटर पाणी. दर एका बादलीमागे २,६०० बादल्या दगड! एक बादली पाणी गोठवायला २,६०० बादल्या डोंगर उपसायचा. मला या सगळ्या कहाणीत हा हिशोब फार आवडतो.

आणि त्या बर्फावर धावणारी चकती? आइस हॉकीत चेंडू नसतो, काळ्या कडक रबराची एक चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. तीन इंच व्यास, एक इंच जाडी, कडेला बोटांना जाणवेल असा खरबरीतपणा. वजन १५६ ते १७० ग्रॅम, जवळपास क्रिकेटच्या चेंडूएवढंच. उसळी मारू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. जोरात मारलेली पक ताशी १६० किलोमीटरने सुटते, म्हणजे त्या ६० मीटरच्या मैदानाची अख्खी लांबी दीड सेकंदाच्या आत पार. ३ लाख ७८ हजार टन दगड बाजूला केला तो या तळहातावर मावणाऱ्या चकतीला सरपटायला जागा मिळावी म्हणून.

ऑलिम्पिकमध्ये आइस हॉकीचे सामने झाले ४६. त्यांतले १६ योव्हिकच्या वाट्याला आले. नुसतं तेवढ्यापुरतं पाहिलं तर एका सामन्यामागे १,८०० ट्रक दगड. सामना ६० मिनिटांचा, तेव्हा खेळाच्या प्रत्येक मिनिटामागे ३० ट्रक! दर दोन सेकंदांना एक ट्रक रिकामा होतो आहे अशी कल्पना करा आणि मग बर्फावरचा खेळ बघा. सुदैवाने मैदान सोळा सामन्यांवर थांबलं नाही. १९९५ साली तिथे शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची जागतिक स्पर्धा झाली, २०१६च्या युवा हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्याच बर्फावर पुन्हा स्केटिंग झालं, आणि शहराचा हॉकी क्लब तिथलाच. दर वर्षी हा ट्रकांचा भागाकार लहान लहान होत चालला आहे.

आतल्या हवेचंही एक सांगायला हवं. कातळाचं तापमान बारा महिने आठ अंशांच्या आसपास. आपल्याकडे निफाडला पारा आठावर आला की वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो छापतात, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. योव्हिकला मात्र हिवाळ्यात बाहेर उणे वीस असताना आठ अंश म्हणजे ऊब, आणि उन्हाळ्यात आठ अंश म्हणजे बर्फाला फुकटात मिळालेला गारवा. दोन्हीकडून विजेची बचत, आणि ती देणारी टेकडी तिथे आधीपासूनच बसलेली.

इथवर आपण जे काढलं त्याचा हिशोब केला. आता जे वर राहिलं त्याकडे मान वर करून बघायची वेळ आली आहे.

त्या छताला खांब नाही. एकही नाही. ६१ मीटर! क्रिकेटची खेळपट्टी यष्टीपासून यष्टीपर्यंत २०.१२ मीटर, अशा तीन खेळपट्ट्या एकापुढे एक अंथरा, तेवढं अंतर वरचा दगड अधांतरी ओलांडतो. खंडाळ्याच्या डोंगरात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या मिसिंग लिंकसाठी खोदलेले बोगदे सुमारे २३ मीटर रुंद, आणि त्या रुंदीचं आपल्याकडे केवढं कौतुक झालं. व्हायलाच हवं. योव्हिकचं दालन त्याच्या अडीचपटीहून रुंद. लोकांच्या वापरासाठी डोंगरात कोरलेल्या दालनांत जगात सर्वांत मोठं म्हणून त्याचं नाव घेतात.

आणि हे छप्पर तोलून कोण धरतं? दगड स्वतःच. खोदताना आधी मधोमध बोगदा नेला, मग तो दोन्ही बाजूंनी रुंद केला, मग तळ खाली खाली नेला. छतात सहा मीटर लांबीच्या पोलादी सळ्या ठोकल्या, दर अडीच मीटरला एक. त्यांच्या जोडीला बारा मीटर लांब पोलादी दोर, दर पाच मीटरला एक. वरून पोलादाचे बारीक तंतू मिसळलेल्या काँक्रीटचा फवारा, जेमतेम दहा सेंटिमीटर जाड. छताच्या क्षेत्रफळावरून सळ्या आणि दोर मोजले तर नऊशेहून अधिक सळ्या आणि दोनशेहून अधिक दोर भरतात. एकाला एक जोडत गेलं तर लांबी आठ किलोमीटरच्या वर जाते. सीएसएमटीहून निघून परळ ओलांडून दादरच्या अलीकडे पोचेल एवढं पोलाद छताच्या आत घुसलेलं आहे, आणि डोळ्यांना दिसतो तो फक्त करड्या रंगाचा खडबडीत पापुद्रा.

त्या पापुद्र्याच्या वर कमीत कमी २५ मीटर कातळ आहे, काही ठिकाणी ५० मीटर. कमीत कमी धरून वजन करू. ६१ गुणिले ९१ गुणिले २५ गुणिले २.७. उत्तर येतं पावणेचार लाख टन. ओळखीचा आकडा वाटला ना? खालून जेवढा दगड काढला जवळपास तेवढाच डोक्यावर टांगलेला! त्या १०८ मालगाड्या, सीएसएमटीपासून बदलापूरपर्यंतच्या, उचलून छतावर ठेवल्यासारख्या. साडेपाच हजार प्रेक्षकांत वाटल्या तर माणशी ६८ टन. म्हणजे प्रत्येक खुर्चीच्या वर कोळशाने शिगोशीग भरलेली एक वाघीण. जिथे कातळ ५० मीटर आहे तिथे दोन वाघिणी. खाली माणूस गरम कॉफीचा पेला हातात धरून गोल झाला म्हणून ओरडतो आहे!

हे कोसळत का नाही, याचं उत्तर नॉर्वेच्या भूशास्त्रज्ञांनी दिलं आहे आणि ते मी त्यांच्यावर विश्वास ठेवून सांगतो. त्या टेकडीतला दगड दोन्ही बाजूंनी आवळलेला आहे. आडवा दाब एका चौरस मीटरला ३०० ते ५०० टन. प्रवासी गाडीचे रिकामे डबे असतात चाळीसेक टनांचे. तसे आठ ते बारा डबे एका चौरस मीटरवर रेललेले. हा दाब छताच्या कमानीला कडेने घट्ट धरून ठेवतो. मोठ्या डोंगरातल्या अंधाऱ्या ताकदीची भीती वाटावी, तर तीच ताकद इथे छप्पर सावरते आहे.

खोदण्याआधी संगणकावर हिशोब मांडला होता. मधला दगड काढून घेतला की छप्पर किती खाली बसेल? उत्तर आलं होतं, ४ ते ८ मिलिमीटर. कागदावरचं उत्तर. मग खोदाई सुरू झाली. कातळात मापकं बसवलेली होती. विहिरीमागून विहीर निघत होती, ट्रकमागून ट्रक जात होता, दालन रुंद होत होतं, वीस मीटर, तीस, चाळीस, पन्नास, एकसष्ट. ३ लाख ७८ हजार टन खालून गेले. पावणेचार लाख टन वर लटकून राहिले. छप्पर बसलं ७ ते ८ मिलिमीटर.

शिसपेन्सिलीच्या जाडीएवढं! ६१ मीटरच्या छताला ८ मिलिमीटर म्हणजे साडेसात हजारांत एक भाग. हा भाग डोळ्यांना दिसावा म्हणून ते छप्पर आता ताणू या. ताणत ताणत मुंबई-पुणे करू, दीडशे किलोमीटर. एक टोक मुंबईला टेकलेलं, दुसरं पुण्याला, खाली खाडी, पनवेल, बोरघाट, लोणावळा, देहूरोड, आणि वाटेत एकही खांब नाही. डोंगराचं ओझं पाठीवर घेतलेली ही कमान मधोमध किती झुकेल? वीस मीटरसुद्धा नाही. दीडशे किलोमीटरला झोळ एका खेळपट्टीच्या आत!